कॅन्सरग्रस्त मुलांच्या उन्हाळी शिबिरात पहिल्यांदा जाणाऱ्या स्वयंसेवकासाठी

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार घेणारी बरीच मुले मुंबईची नसतात. बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल आणि आपल्याकडचा विदर्भ-मराठवाडा अशा भागांतून ती आई किंवा वडिलांबरोबर येतात आणि उपचारांचा कडक टप्पा संपेपर्यंत कित्येक महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, एखाद्या संस्थेच्या निवासात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. शाळा सुटलेली, मित्र गावाकडे राहिलेले आणि दिवस रुग्णालयाच्या बाकावर गेलेला, अशा मुलांसाठी मे महिन्यात निवासाच्याच सभागृहात किंवा जवळच्या शाळेच्या वर्गात सकाळचे तीन तास शिबिर घेतले जाते. ते साधारण आठ-दहा दिवस चालते. चित्रे, गाणी, बैठे खेळ, जादूचे प्रयोग आणि शेवटच्या दिवशी मुलांनीच बसवलेले छोटेसे नाटक, असा त्याचा ढोबळ आराखडा असतो. अशा शिबिरात मी काही वर्षे काम केले आहे आणि पुढचे सगळे त्याच कामाला धरून, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी लिहिले आहे.

पायरी पहिली: आपण जावे की नाही, हे ठरवा

पहिला प्रश्न वेळेचा आहे. शिबिर दहा दिवसांचे असेल तर दहाही दिवस येणे जमणार आहे का, हे कॅलेंडर समोर ठेवून पाहा. या मुलांच्या आयुष्यात माणसे सतत बदलत असतात. वॉर्डातली परिचारिका बदलते, शेजारच्या खाटेवरचा मित्र घरी जातो, कधीकधी घरी जात नाही. अशा मुलाने तिसऱ्या दिवशी तुमच्याशेजारी येऊन बसायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी तुम्ही आलाच नाहीत, तर तुमच्या चांगल्या हेतूचा त्याला काहीही उपयोग नाही. म्हणून संयोजकांना खूप उत्साही माणसापेक्षा रोज पावणेनऊला दारात उभा राहणारा माणूस अधिक हवा असतो. दहा दिवस जमणार नसतील तर साहित्य लावणे, खाऊची मांडणी, नोंदवही असे मुलांशी थेट संबंध न येणारे काम मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा प्रश्न थोडा अवघड आहे. आपल्या घरात नुकतेच कोणी कॅन्सरने गेले असेल, तर त्या दुःखातून अशा कामाकडे ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टक्कल पडलेले पहिलेच मूल दिसल्यावर स्वतःचा बांध फुटला, तर मग त्या मुलालाच तुमची समजूत घालावी लागते. आणि ती मुले खरोखरच ती घालतात, कारण आईबापांची समजूत घालण्याचा त्यांना सराव झालेला असतो. माझा सल्ला असा की असा घाव ताजा असेल तर एक उन्हाळा जाऊ द्यावा, आणि मुलाखतीत ही गोष्ट लपवू नये.

पायरी दुसरी: संस्था गाठा, तीही फेब्रुवारी-मार्चमध्येच

रुग्णालयात परस्पर जाऊन ‘मला मुलांसाठी काहीतरी करायचे आहे’ असे सांगून काही साधत नाही. तिथे कोणाला थांबायला वेळ नसतो. काम संस्थेमार्फतच होते. टाटा मेमोरियलच्या बालकर्करोग विभागाबरोबर काम करणारे इम्पॅक्ट फाउंडेशन, बाहेरगावच्या कुटुंबांना राहायला जागा देणारी आणि २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स, २००४ पासून देशभर काम करणारी कॅनकिड्स आणि १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी, ही काही नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गट तर लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेल्या तरुण-तरुणींचाच आहे. प्रत्येक संस्था दर वर्षी शिबिर घेतेच असे नाही. म्हणून आधी लिहून विचारावे. शिबिर नसेल तर शनिवारचा खेळवर्ग किंवा वाचनाचा तास असू शकतो आणि नवख्या माणसासाठी ती सुरुवात अधिक चांगली असते.

शिक्षण-नोकरीसाठी अमेरिकेत किंवा युरोपात असलेल्या मराठी मंडळींना तिथली निवासी शिबिरे जवळची ठरतील. अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ साली कनेटिकट राज्यातल्या ॲशफर्ड गावी गंभीर आजारी मुलांसाठी शिबिर सुरू केले. आयर्लंडमध्ये बॅरेट्सटाउनच्या किल्ल्यात १९९४ पासून असेच शिबिर चालते. दोन्हीकडे कुटुंबांकडून पैसे घेतले जात नाहीत. तिथे तळे, घोडे आणि चोवीस तास डॉक्टर असतात, मुंबईत पंखा असलेले सभागृह असते. पण मुलाशी कसे वागायचे आणि जंतुसंसर्ग कसा टाळायचा, याबाबत पुढे जे सांगितले आहे ते दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

पायरी तिसरी: कागद आणि लशी

ओळखपत्र, छायाचित्र, दोन ओळखीच्या व्यक्तींची नावे आणि पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले जाईल. या प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो, पण हाती पडायला वेळ लागतो. एप्रिलच्या शेवटी धावपळ करणारे दर वर्षी दोन-तीन जण तरी मागे राहतात. यात अपमान वाटून घेऊ नका. जिथे कोणतीही चौकशी न करता मुलांमध्ये सोडतात, त्या संस्थेबद्दलच शंका घ्यावी. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा स्वयंसेवकालाही लागू आहे आणि असा प्रकार घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक केलेले आहे. एखाद्या मुलाने काही सांगितले तर स्वतः तपास करत बसू नये, ऐकून घ्यावे आणि त्याच दिवशी संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला सांगावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही पाठ असू द्या. एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटे कधीही बसायचे नाही, स्वच्छतागृहात पालकानेच न्यायचे, हे नियम मुलाच्याही आणि तुमच्याही रक्षणासाठी आहेत.

लशींचे मात्र नीट समजून घ्या, कारण नवख्यांची मोठी चूक इथेच होते. आपल्याकडे कांजिण्या म्हणजे ‘आल्या, आठवड्यात जातील’ इतकी किरकोळ गोष्ट मानली जाते. केमो, म्हणजे कॅन्सरवरची तीव्र औषधे, चालू असलेल्या मुलाला त्याच कांजिण्या फुप्फुसापर्यंत जाऊन जीवघेण्या ठरू शकतात, आणि गोवराचेही तसेच. तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला विचारा. झाल्या नसतील आणि लसही घेतली नसेल, तर डॉक्टरांना भेटून शिबिराच्या बरेच आधी ती घ्या. लशीनंतर अंगावर पुरळ आले तर ते जाईपर्यंत मुलांपासून लांब राहावे लागते. तुम्हाला स्वतःला कांजिण्या झालेल्या नसताना घरातल्या भाचरांना त्या निघाल्या, तर पुढचे २१ दिवस शिबिराकडे फिरकायचे नाही, कारण कांजिण्यांची लक्षणे दिसायला १० ते २१ दिवस लागतात आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण झालेला माणूस दुसऱ्याला त्या देऊ शकतो. साधी सर्दी, घसादुखी, डोळे येणे, जुलाब, ओठावर उठलेला फोड, यांपैकी काहीही असेल तर सकाळी फोन करून ‘आज येत नाही’ असे सांगावे. मास्क लावून येतो, असे म्हणू नये. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर तेही संयोजकांना आधी सांगावे, म्हणजे ते त्याप्रमाणे काम देतील.

पायरी चौथी: आजाराची भाषा शिका

पहिल्या दिवशी पालकांच्या बोलण्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. ‘आज काउंट पडलेत’, ‘सोमवारी आय.टी. आहे’, ‘पोर्ट टाकलाय’, ‘लाल दवाई चालू झाली’, ‘प्लेटलेट चढवल्या’. हे शब्द माहीत असणे आवश्यक आहे, कारण कोणता खेळ घ्यायचा आणि कोणत्या मुलाला कुठे बसवायचे हे त्यांवरूनच ठरते.

काउंट म्हणजे बहुधा पांढऱ्या पेशींची, त्यातही जंतूंशी लढणाऱ्या पेशींची संख्या. केमोनंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी ती तळाला जाते आणि त्या दिवसांत साध्या जंतूशीही लढायची ताकद मुलात नसते. म्हणून ‘काउंट पडलेले’ मूल बहुधा शिबिराला पाठवत नाहीत. आणि आले तर ते खिडकीजवळ, गर्दीपासून लांब बसवतात. प्लेटलेट रक्त गोठवतात. निरोगी माणसात त्या दीड लाखांच्या वर असतात, केमोत त्या काही हजारांवर येऊ शकतात आणि मग गुडघ्याला लागलेला साधा टेबलाचा कोपराही मोठी काळीनिळी खूण ठेवून जातो. पळापळी, ढकलाढकली, आंधळी कोशिंबीर असले खेळ शिबिरात नसतात ते यासाठी. पोर्ट किंवा पिक लाइन ही औषध देण्यासाठी छातीत किंवा दंडात बसवलेली नळी असते. नळी असलेल्या मुलाला बगलेत धरून उचलू नका, तो हात ओढू नका आणि पट्टी पाण्याने भिजू देऊ नका. आय.टी. म्हणजे पाठीच्या कण्यातून दिलेले औषध. त्यानंतर त्या दिवशी मुलाचे डोके दुखू शकते आणि ते आडवे पडून राहू इच्छिते. सतरंजीवर एक कोपरा आणि उशी त्यासाठी राखून ठेवावी.

‘लाल दवाई’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा डाउनोरुबिसिन. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर नारिंगी होते. माझ्या पहिल्या शिबिरात एका मुलाने हे मला अगदी अभिमानाने सांगितले आणि मी घाबरून परिचारिकेकडे धावलो. पुढचे आठ दिवस तो मला पाहून हसत होता. नवख्याची ही फजिती चालते. उलटी, लघवी किंवा रक्त सांडल्यास मात्र स्वतः पुसायला जायचे नाही, कारण केमोनंतर दोन दिवस त्यांत औषधाचे अंश असतात. जागा अडवून धरा आणि हातमोजे घातलेल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याला बोलवा.

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकार. त्याच्या उपचारात स्टेरॉइडचे आठवडे येतात. त्या आठवड्यांत चेहरा गोल होतो, मूल क्षणात रडते, क्षणात चिडते आणि त्याला अशी भूक लागते की सकाळी नऊ वाजता ते पावभाजीचा ध्यास घेऊन बसते. हा हट्ट किंवा लाड नव्हे, औषधाचा परिणाम आहे. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने पायाचा पंजा उचलता येत नाही, बोटांना मुंग्या येतात; असे मूल चालताना अडखळते आणि मणी ओवताना चिडते. त्याला मोठे मणी आणि जाड क्रेयॉन द्या, ‘हळू कर, येईल’ असे म्हणून त्याच्या हाताकडे बघत राहू नका. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय वाचवून आत धातूचा सांधा बसवलेला असतो किंवा पाय काढलेला असतो. जमिनीवर मांडी घालून बसणे त्याला जमत नाही, म्हणून सगळ्यांनाच खुर्च्या लावाव्यात. एकट्याला खुर्ची दिली की तो वेगळा पडतो. किडनीच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला एकच किडनी असते, पोटावर मार बसता कामा नये. डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमध्ये डोळा काढलेल्या लहानग्याचा कृत्रिम डोळा खेळता खेळता बाहेर येऊ शकतो. किंचाळू नका. हात धुऊन तो स्वच्छ डबीत ठेवा आणि आईला हाक मारा. ती अर्ध्या मिनिटात बसवते.

या साऱ्यात एक गोष्ट कधीही सोडून चालणार नाही, ती म्हणजे ताप. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, इतका ताप केमो चालू असलेल्या मुलाला आला तर तो तातडीचा प्रसंग समजायचा. ‘उन्हाने अंग तापले असेल’ असे म्हणून थांबायचे नाही, स्वतःच्या पिशवीतली तापाची गोळी द्यायची नाही, कारण त्याने ताप दबतो, जंतू दबत नाहीत. ॲस्पिरिन तर अजिबात नाही. संयोजकांना सांगा, पालक आणि फाइल यांसह मूल लगेच रुग्णालयात पोहोचले पाहिजे, कारण तिथे पोहोचल्यावर तासाभरात प्रतिजैविक सुरू होणे अपेक्षित असते. अंग थंडगार पडणे, ओठ निळसर दिसणे, नाकातून दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, मुलाने अचानक सुस्त होणे, नळी निसटणे, हीदेखील थांबण्याची वेळ नव्हे. नळी निसटली तर त्या जागी स्वच्छ कापसाची घडी दाबून धरा आणि हाक मारा. मूल कोणाच्या ताब्यात होते, काय झाले, किती वाजता झाले, हे तीन मुद्दे कागदावर लिहून पालकांच्या हाती द्या. तिथे गेल्यावर डॉक्टर तेच विचारतात.

पायरी पाचवी: पिशवीत काय, अंगावर काय

स्वच्छ धुतलेले सुती कपडे घालावेत. अत्तर, उदबत्तीचा वास, तेल लावून आलेले डोके टाळावे, कारण केमोत वासाने उलटी होते. नखे कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले. दरवाजातून आत येताच साबणाने हात धुवायचे, मग मुलांचेही धुवून घ्यायचे, ही दिवसाची पहिली कृती. पिशवीत पाण्याची बाटली, कोरडा रुमाल, स्वतःचा डबा आणि जाड टोकाचे पेन पुरे. फुले, कुंडी, माती, प्लॅस्टिकचे जुने खेळणे, कापडी भालू यांपैकी काहीही घरून आणू नका. मातीत आणि कुजक्या पानांत बुरशीचे कण असतात आणि ते पडलेल्या काउंटना घातक ठरतात.

पायरी सहावी: तीन तास कसे घालवायचे

मुलांच्या भाषा वेगवेगळ्या असतात. भोजपुरी बोलणारी सहा वर्षांची मुलगी, बंगाली बोलणारा बारा वर्षांचा मुलगा आणि यवतमाळचा एखादा दहा वर्षांचा मुलगा एकत्र बसले, तर हिंदी हा समाईक धागा होतो, तोही कधी तुटका. म्हणून शब्दांवर फार अवलंबून नसलेल्या खेळांनी सुरुवात करावी. आपला ‘चिऊ उड, काऊ उड’ देशभर वेगवेगळ्या नावांनी माहीत असलेला खेळ आहे. एक बोट टेबलावर ठेवायचे आणि उडणाऱ्या प्राण्याचे नाव ऐकल्यावर वर करायचे, म्हणजे एका हाताला पट्टी असली तरी चालते. म्हैस उडवली की सगळे हसतात. ‘शिवाजी म्हणतो’ खुर्चीवर बसून खेळता येतो, ‘नाव, गाव, फळ, फूल’ जरा मोठ्या मुलांसाठी. कॅरम, पत्ते आणि लुडो खेळून झाले की सोंगट्या पुसून ठेवायच्या.

चित्रकलेसाठी बोथट टोकाची कात्री, विषारी नसलेले खडू आणि धुता येणारे रंग वापरावेत. रांगोळीची पूड नको. तिचा कण श्वासात जातो. मेंदी काढायची असेल तर हातावर नव्हे, कागदावर कापलेल्या तळहाताच्या आकारावर काढा. मुलींना हे आवडते आणि त्वचेला काही होत नाही. फुगे शक्यतो टाळावेत, कारण फुटल्यावरच्या आवाजाने मुले दचकतात आणि त्यांचे तुकडे लहानग्यांच्या तोंडात जाऊ शकतात. मे महिन्याच्या उन्हात अंगणात नेऊ नये. काही औषधांमुळे ऊन लवकर बाधते. सकाळच्या वेळी सावलीच्या व्हरांड्यात अर्धा तास पुष्कळ झाला.

प्रत्येक खेळ पंधरा-वीस मिनिटांत आटोपावा आणि मध्ये मध्ये बसून राहायला मोकळीक ठेवावी. थकणे हे या मुलांचे रोजचे वास्तव आहे, विशेषतः मेंदूतल्या गाठीवर रेडिएशन झालेल्या मुलांचे. ती उत्तर द्यायला वेळ घेतात. दोन सेकंदांत त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकू नका, मनात पाचपर्यंत मोजा. ‘मला नाही खेळायचे’ हे उत्तर दिले तर ते मान्य करा. आठवडाभर त्या मुलाला टोचायचे की नाही, कधी उठायचे आणि काय गिळायचे, हे इतर ठरवत असतात. निळा कागद की पिवळा, खेळायचे की बघायचे, एवढे तरी त्याने ठरवावे.

खाऊ हा स्वतंत्र विषय आहे आणि तो आहारतज्ज्ञाचा. तुमच्या हातून मुलाच्या तोंडात काहीही जाता कामा नये, प्रसादाचा पेढादेखील नाही. ताजे, गरम शिजवलेले अन्न, उकळलेले किंवा बाटलीबंद पाणी, सालीची फळे, असा साधारण नियम असतो. कापून ठेवलेली फळे, कोशिंबीर, बाहेरची चटणी आणि रस्त्यावरचा बर्फाचा गोळा वर्ज्य असतो. आंब्याच्या मोसमात मुले आंबा मागतात. धुऊन, साल काढून तिथल्या तिथे चिरलेला आंबा द्यायचा की नाही, ते पालक आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. तुमचा डबा मुलांसमोर उघडू नका, विशेषतः मसालेदार असेल तर. तोंडात फोड आलेले मूल ते पाहून गप्प बसते.

पायरी सातवी: काय बोलावे

‘किती गोड आहेस, लवकर बरी होशील’ हे वाक्य मुलांनी हजारदा ऐकलेले असते. ‘हिंमतवान आहेस’ हेही. त्यापेक्षा ‘तू काढलेल्या या ट्रकला किती चाके आहेत?’ हा प्रश्न चांगला. टक्कल, टोपी, नळी यांबद्दल मुलाने स्वतः काढेपर्यंत विषय काढू नका. काढला तर इतर कोणत्याही गोष्टीप्रमाणे बोला. ‘लहान आहे, कॅन्सर हा शब्द उच्चारू नका’ असे एखाद्या पालकाने सांगितले, तर त्यांच्या घरातली ती मर्यादा पाळा आणि ‘आजार’ म्हणा, पण मुलाला खोटे सांगू नका.

एखादे दहा-अकरा वर्षांचे मूल चित्र रंगवता रंगवता विचारते, ‘दीदी, माझ्या वॉर्डातला बिट्टू गेला. मी पण जाणार का?’ असा प्रश्न आल्यावर विषय बदलला तर ते मूल पुन्हा विचारत नाही. ‘याचे उत्तर मला माहीत नाही, तुझे डॉक्टर सांगू शकतील, तुला बिट्टूची आठवण येते का?’ असे म्हणावे आणि ऐकावे. नंतर, मुलाला सांगून, समुपदेशकाला कळवावे. ‘देव आहे, काही होणार नाही’ हे उत्तर देऊ नका. बिट्टूलाही ते सांगितले गेले होते, आणि मुलाला ते माहीत असते.

पालकांशी बोलताना उपचारांचा सल्ला देऊ नका. तुमच्या काकांना गुळवेलीने आराम पडला असेल, तो विषय इथे नाही; अनेक वनस्पती केमोच्या औषधांशी भिडतात आणि पालकांच्या मनात आपण काही चुकतो आहोत ही रुखरुख राहते. अशा कुटुंबात आईवडील आणि आजारी मूल इथे असतात आणि धाकटी भावंडे गावी आजीजवळ राहतात. सुट्टीत ती आली तर त्यांनाही खेळात घ्या. ती चिडचिडी असतात, आपल्याकडे कोणी बघत नाही असे त्यांना वाटते, आणि ते अनेकदा खरे असते.

पायरी आठवी: फोटो, भेटवस्तू, फोन

फोन पिशवीत राहू द्या. मुलाचा फोटो काढायला पालकांची लेखी संमती लागते आणि समाजमाध्यमांवर टाकायला तर संस्थेचीही. आपल्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून आजारी मुलाचा चेहरा वापरणे मला पटत नाही; ‘मदत करून आलो’ हे लिहायचे असेल तर बसण्याच्या सतरंजीचा फोटो टाका. भेटवस्तू एका मुलाला दिली की उरलेली पंधरा मुले पाहत असतात, म्हणून ती संस्थेमार्फत सगळ्यांना सारखी. पालकांना पैसे देऊ नका, स्वतःचा फोन नंबर देऊ नका आणि घ्यायचाही नाही. हे कठोर वाटेल; परंतु रात्री अकराला ‘दीदी, रक्तदाता मिळत नाही’ असा फोन आल्यावर तुम्ही काय कराल, याचा विचार करून ठेवा. अशा वेळी संस्थेचा सामाजिक कार्यकर्ता योग्य ठिकाणी धावतो. तुमच्याकडे रक्तदात्यांची यादीही नसते.

पायरी नववी: संपल्यावर

शिबिराच्या शेवटच्या दिवशी काय घडणार, ते दोन दिवस आधीपासून मुलांना सांगत राहा. ‘परवा नाटक आहे, नंतर आपण निघणार’, असे. न सांगता नाहीसे होऊ नका, ‘पुन्हा येईन’ असेही म्हणू नका, यायचे ठरलेले नसेल तर.

पुढच्या मे महिन्यात यादी हाती येते, तेव्हा एखादे नाव त्यात नसते. बहुधा मूल बरे होऊन गावी गेलेले असते. काही वेळा तसे नसते. संयोजकांना विचारा, ते सांगतील. आणि त्यावर बोलायला स्वयंसेवकांची बैठक होत असेल तर तिला जा, घरी एकटे ओझे घेऊन बसू नका. उलट बाजूही आहे. वैद्यकीय सोयी पुरेशा असलेल्या देशांत कॅन्सर झालेल्या ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, आणि जिथे सोयी अपुऱ्या आहेत अशा अनेक ठिकाणी हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत राहते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०३० पर्यंत ते जगभरात ६० टक्क्यांपर्यंत न्यावे, असे तिचे २०१८ पासूनचे उद्दिष्ट आहे. मुलाचे उपचार मध्येच तुटू नयेत, यासाठी निवास, जेवण, प्रवासखर्च आणि खेळ ही साधने आहेत.

जाण्यापूर्वी ओळखपत्र परत करा, नोंदवहीत त्या दिवसाची नोंद पूर्ण करा आणि वापरलेले साहित्य पुसून डब्यात ठेवा. आणि शिबिरानंतर दोन-तीन दिवसांत तुमच्या अंगावर पाण्याने भरलेले फोड उठले, तर शिबिर संपले म्हणून गप्प राहू नका. तुम्ही मुलांजवळ होता तेव्हाच तो संसर्ग पसरला असू शकतो. सोबत बसलेल्या प्रत्येक मुलाला वेळेत औषध देता यावे, यासाठी संयोजकांना त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, फोन करा.